वडिलांच्या नावासकट

पोर्फिरी लुकिच गुडघ्यांवर बसला तो उठेचना, तेव्हा रायसाला आधी वाटलं, म्हाताऱ्याचे गुडघे धरले असतील. क्षमेच्या रविवारी असं कुणाचं ना कुणाचं होतंच. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी चर्चमधली सगळी मंडळी एकमेकांसमोर येतात, वाकतात, ‘मला क्षमा कर’ म्हणतात. समोरचा म्हणतो, ‘देव क्षमा करील, मीही करतो, मलाही क्षमा कर.’ खांद्याला ओठ लावायचे आणि पुढच्या माणसासमोर सरकायचं. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला होतो, मेणबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात, आणि थोड्या वेळाने तोंड आपलं आपण चालायला लागतं, दळणाला बसलेल्या बाईच्या हातासारखं. कुणी कुणाचं काय वाईट केलेलं असतं? फार तर मेणबत्ती लावताना धक्का दिलेला असतो. पोर्फिरी लुकिच तर गाणाऱ्यांच्या ओळीत शेवटी उभा राहणारा, खर्जातला म्हातारा. त्याच्याशी रायसाचं कधी चार शब्दांचं बोलणं झालेलं नव्हतं. तिने हात पुढे केला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला, मान वर केली आणि अगदी सावकाश म्हणाला, “मला क्षमा करा, रायसा तिमोफेयेव्हना.” तिचं तोंड म्हणालं, “देव क्षमा करील, मीही करते, मलाही क्षमा करा.” म्हातारा कुणाच्या तरी आधाराने उठला. ती पुढच्या बाईसमोर वाकली, आणि वाकलेली असतानाच तिच्या पाठीतून गार पाणी उतरत गेलं. तिमोफेयेव्हना, म्हणजे तिमोफेयची मुलगी. ह्याला माझ्या वडिलांचं नाव कसं ठाऊक?

इथे ती नुसती राया होती. चर्चमध्ये एकच नाव लागतं, बाप्तिस्म्याचं. तेवढंच देवापुढे वाचतात, तेवढ्याच नावाने शेजारीण हाक मारते. वडिलांच्या नावासकट तिला हाक मारणारं जग निराळं होतं. त्या जगात ती दहावीपर्यंतच्या वर्गांना भूगोल शिकवायची, भिंतीवरच्या नकाशावर काठी ठेवून नद्या दाखवायची, आणि देव न मानणाऱ्या सरकारच्या त्या जगात चर्चमध्ये जाणाऱ्या शिक्षिकेला दुसऱ्या दिवशी वर्ग मिळत नसे. ही दोन जगं एकमेकांना भेटू नयेत म्हणून तिने किती खटाटोप केला होता! ट्रॉलीबस दोन थांबे आधी सोडायची, बाजारातून आत शिरायचं, कोरियन बायकांच्या लोणच्यांच्या टोपल्यांमागे उभं राहून टोपी काढून पिशवीत टाकायची, राखाडी शाल भुवयांपर्यंत ओढायची, मग पाटाच्या काठाकाठाने मागच्या फाटकाकडे. आणि ह्या म्हाताऱ्याने एका वाकण्यात सगळं उघडं पाडलं. बरं, नुसतं नाव घेतलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. क्षमा कशाची मागितली? माणूस मनापासून क्षमा मागतो तेव्हा काहीतरी करून बसलेला असतो. त्याने तिचं नाव कुठेतरी सांगितलं होतं, दुसरं काय असणार? सांगितलं, मग जीव खाऊ लागला, मग क्षमेचा रविवार आयता मिळाला. आणि तिने तर क्षमा करूनही टाकली होती, कशाची ते न विचारता. घरी येईपर्यंत तिचे दात वाजत होते. चिखल पुन्हा गोठला होता, त्यावरून घसरत ती चालली होती, आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या बुटांकडे बघत होती; साध्या वेषातला पोलीस बुटांवरून ओळखू येतो म्हणतात.

घरी तिचा मुलगा ग्लेब घावनं घालत बसला होता. उपासाच्या आधीचा हा शेवटचा दिवस, लोणी-अंडी संपवायचा. ग्लेबला उपासाचं काही ठाऊक नव्हतं, त्याला घावनं ठाऊक होती. “कुठे होतीस? तव्याशी एकटाच झुंजतोय मी.” ती म्हणाली, “बाजारात.” त्याने तिच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि तव्यावरचं घावन उलटलं. ग्लेबचं विमानांचं वेड लहानपणापासूनचं. उन्हाळ्यात वैमानिकांच्या शाळेची परीक्षा होती. गणितात तो पास झाला असता, डोळे चांगले होते, पण त्या शाळेत मुलाबरोबर आईबापांनाही चाळणीतून काढतात. बाप नव्हताच. इग्नात डोंगरातल्या रस्त्यावर ट्रकसकट दरीत गेला, त्याला बरीच वर्षं झाली. उरली ती. म्हणजे चाळणीत तीच एकटी जायची होती. तिने दोन घावनं खाल्ली आणि तिसरं ग्लेबच्या ताटात सारलं.

ती चर्चमध्ये जायला लागली तीच मुळी भक्तीने नव्हे. इग्नात गेल्याच्या पुढच्या वसंतात एकदा गारांच्या पावसात सापडली आणि आडोसा म्हणून शिरली. आत गाणं चाललं होतं. ती दारापाशी ओली उभी राहिली, आणि मंडळी एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली तेव्हा तिचा गळा त्यांच्या आधी तिसऱ्या ओळीवर जाऊन पोचला. कुणी शिकवलं नव्हतं, कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं. घरात तर आई गाऊच द्यायची नाही. लहानपणी ती नुसतं गुणगुणली तरी आई चुलीपाशी उभी राहून हळू आवाजात म्हणायची, “बंद कर.” रागाने नाही; घाबरून. आईचा तो आवाज तिच्या कानात अजून होता. वडील उत्तरेला कामाला गेलेत, एवढंच तिला सांगितलं होतं, आणि ती मोठी झाल्यावर कागद आला की ते तिकडेच न्युमोनियाने वारले. वडिलांचं तिला आठवत होतं ते म्हणजे लोकरीचा जाड गळपट्टा, त्याला येणारा इंजिनच्या तेलाचा वास, आणि तो गळपट्टा खुंटीवर तसाच राहिलेला. थंडीच्या दिवसांत उत्तरेला जाणारा माणूस गळपट्टा का विसरेल, हा प्रश्न तिला नकाशे शिकवायला लागल्यावर पडला. तेव्हा आई विचारण्याच्या पलीकडे गेली होती.

उपास सुरू झाला आणि भीतीही त्याच्याबरोबर मुक्कामाला आल्यासारखी घरात राहू लागली. सकाळी उठलं की आधी ती, मग चहा. जिन्यात पावलं वाजली की रायसा मोजे रफू करता करता सुई हातात धरून बसायची. पावलं वरच्या मजल्यावर गेली की पुन्हा टाका. प्रार्थनेला उभी राहिली तर देवाचं नाव घेता घेता मनात म्हाताऱ्याचा हात यायचा: कोरडा, जाड, सोडायला तयार नसलेला. देवाची तिला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर देव तिला ह्या प्रकरणात फारसा महत्त्वाचा वाटतच नव्हता, आणि हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली. इतकी वर्षं शाल ओढून येतेस, मेणबत्त्या लावतेस, आणि एका म्हाताऱ्याने नाव घेतलं की तुझा देव कुठल्या कुठे. तिने चर्चमध्ये जाणं बंद केलं. मग वाटलं, एकदम बंद केलं तर संशय पक्काच होईल. पण संशय कुणाला? ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊकच आहे. असं दोन्हीकडून डोकं खाऊन ती शाळेच्या जेवणघरात बसलेली असायची आणि समोर उपासाला न चालणारं मांसाचं कटलेट गार होत असायचं.

“रायसा तिमोफेयेव्हना, तुम्हाला मेणबत्ती व्हायचंय का?” मुख्याध्यापिका बुबुसारा कासिमोव्हना ताट घेऊन शेजारी येऊन बसल्या. रायसाच्या हातातला काटा थांबला. मेणबत्ती कुठून सुचली ह्यांना? “किती वाळलात! आणि ते कटलेट रुमालात कुणासाठी बांधताय?”

“मांजराला.”

“मांजर कधी पाळलंत?”

“परवा. ग्लेबने आणलं.”

“आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बाईला मांजराआधी नवरा मिळवून द्या.” बुबुसारा कासिमोव्हना हसल्या, मग हसणं आवरून म्हणाल्या, “शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत या जरा.”

त्यानंतरचे तास तिने कसे घेतले ते तिला सांगता आलं नसतं. आमू-दर्या नदी तिने सैबेरियात नेली आणि पुढच्या बाकावरची मुलगी फिदीफिदी हसली. खोलीत शिरताना तिने ठरवलं होतं की काही नाकबूल करायचं नाही, फक्त ग्लेबला वगळा म्हणायचं. पण बुबुसारा कासिमोव्हनांनी तिला चहा दिला. खिडकी लावून घेतली. म्हणाल्या, “दरवर्षीचं आहे, वरून आलंय. ईस्टरच्या रात्री चर्चच्या फाटकावर शिक्षक उभे करायचे. आपली मुलं जायला लागली तर परत पाठवायची, आणि ओळखीचं कुणी आत गेलं, पालक म्हणा, आपल्यापैकी कुणी म्हणा, तर दुसऱ्या दिवशी मला नावं सांगायची. दंडाला लाल पट्टी बांधतात, तेवढंच. यंदा तुमची पाळी.” रायसाने चहाचा कप बशीत ठेवला. “मला तरी हौस आहे का?” बुबुसारा कासिमोव्हना पुटपुटल्या. “आमच्याकडे माझा बाप रमजानचे रोजे धरतो, मी त्याच्या खोलीची खिडकी लावून घेते. पण ग्लेबचा दाखला माझ्या सहीने जायचाय, आणि सगळे बघतायत की तुम्ही कधीच काही अंगावर घेत नाही.” त्या दमदाटी करत नव्हत्या, आणि रायसाला त्याचीच जास्त भीती वाटली. “बरं,” ती म्हणाली. बाहेर आल्यावर वाटलं, ही परीक्षाच आहे. ह्यांना ठाऊक आहे, आणि मला माझ्याच फाटकावर उभं करून बघणार आहेत. म्हाताऱ्याने नुसतं नाव दिलेलं नाही, सगळं दिलंय: कोणतं फाटक, कोणती शाल.

तेव्हा ती पोर्फिरी लुकिचला शोधायला निघाली. काय सांगितलं, कुणाला सांगितलं, एवढं कळलं तरी पुरे होतं. अंधारात मार कुठून येणार ते तरी समजलं असतं. चर्चमध्ये तो नव्हता. मेणबत्त्या विकणारी कापितोलिना आजी पेटीवर रेलून जांभया देत होती. रायसा इथे पहिल्यांदा शिरली तेव्हा हिनेच तिला काही न विचारता मेणबत्ती दिली होती आणि पुढेही कधी काही विचारलं नव्हतं. “कुठे गडप झालीस? मला वाटलं, लग्न केलंस.” पोर्फिरीचं विचारलं तशी आजीचा चेहरा उतरला. “छातीत पाणी झालंय. ईस्टरच्या आदल्या पाम संडेपर्यंत टिकला तर खूप. रेल्वेच्या चाळीपलीकडे, नहराकाठी, निळ्या फाटकाचं घर. जा, त्याला बरं वाटेल. क्षमेच्या रविवारपासून तुझंच विचारतोय, राया आली होती का, राया आली होती का.”

निळं फाटक उघडलं ते सुनेने, आणि उघडताच ती दोन पावलं मागे सरली. “अगं बाई! रायसा तिमोफेयेव्हना, तुम्ही?” रायसाने शाल मागे ओढायच्या ऐवजी आणखी पुढे ओढली, जणू आता त्याने काही फरक पडणार होता. “आमची नादिया सातवीत तुमच्याकडे आहे ना,” सून म्हणाली. “घरी सारखं तेच, रायसा तिमोफेयेव्हना असं म्हणाल्या, तसं म्हणाल्या. भूगोलात काही दिवे लावलेत का तिने?” मग तिची नजर शालीवर गेली, शालीवरून रायसाच्या चेहऱ्यावर, आणि ती एकदम हळू बोलू लागली. “भूगोलाचंच असणार. मी शेजारणींना तसंच सांगेन. या, आतल्या खोलीत आहेत.”

खोलीत कापराचा वास होता. पोर्फिरी लुकिच उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास कोंडत असावा. रायसा खुर्चीच्या कडेवर बसली. वाटेत घोकलेलं सगळं विसरून तिने सरळ विचारलं, “काय सांगितलंत तुम्ही? कुणाला?”

“म्हणजे तुला ठाऊक आहे,” म्हातारा म्हणाला.

“मला काहीच ठाऊक नाही. म्हणून आले.”

त्याने उशी पाठीशी नीट सारली. “तू ओळीचा शेवटचा सूर किंचित उशिरा सोडतेस. गेली कित्येक वर्षं माझ्या पाठीमागून ते ऐकू यायचं आणि माझी ओळ चुकायची. असं एकच माणूस गायचा. मग नादियाने रस्त्यात तुला दाखवून तुझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तेव्हा खात्री पटली, तिमोशाचीच पोर.” त्याने डोळे मिटले. “आम्ही दोघं स्टेशनच्या शेडमध्ये कामाला होतो. चर्च बंद केलं तेव्हा आम्ही चार-पाच जण तुमच्याच घरी गायचो, पडदे ओढून. तू टेबलाखाली झोपलेली असायचीस. मला गुप्त पोलिसांनी बोलावलं. मारलंबिरलं नाही, खोटं कशाला सांगू. साहेब म्हणाला, त्या घरी गाणी कोण म्हणून घेतो, तिमोफेय का? मी हो म्हणालो, कागदावर सही केली. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शेडमधून घेऊन गेले. गळपट्टा तिथल्या खुंटीवरच राहिला, तो कुणीतरी तुमच्या घरी पोचवला.”

रायसाला काहीतरी प्रचंड समोर उभं राहिल्यासारखं वाटलं, पण त्याच्याकडे बघायच्या आधी तिच्या तोंडून निघालं, “आणि माझ्याबद्दल?”

“तुझ्याबद्दल काय?”

“माझ्याबद्दल काय सांगितलंत? मी येते ते? शाळेत कुणाला, कचेरीत कुणाला?”

“तुझ्याबद्दल मी कुणाला काय सांगणार, पोरी?” म्हातारा गोंधळून म्हणाला. “मला आता कोण विचारतंय? काही नाही सांगितलं.”

“शपथ घ्या.”

त्याने तीन बोटांनी छातीवर क्रूस काढला. रायसाने खुर्चीच्या पाठीला अंग टेकलं, त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा. मग म्हातारा म्हणाला, “त्या रविवारी तू क्षमा केलीस, पण ती न कळता केलीस. ती मी धरत नाही. आता तुला कळलंय. देवाच्या वाट्याचं मी त्याला लवकरच समोरासमोर विचारेन. मला तुझ्या वाट्याचं हवंय.” ती म्हणाली, “विश्रांती घ्या. मी पुन्हा येईन.” आणि उठली. सुनेने चहा मांडला होता, तोही न घेता ती बाहेर पडली.

नहराकाठाने ती चालत होती आणि तिचं अंग हलकं झालं होतं. कुणी काही सांगितलेलं नव्हतं. चाळणीतून ती पार झाली होती. फाटकावरची पाळी ही नुसती पाळी होती, परीक्षा नव्हती. उभं राहायचं, पट्टी बांधायची, एक-दोन नावं द्यायची की ग्लेब विमानात. पॉप्लरच्या झाडांना चिकट कोंब फुटलेले तिला आज दिसले, पलीकडे डोंगरांवरचं बर्फ दिसलं, आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या बुटांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. किती दिवसांनी तिला कडकडून भूक लागली. भट्टीवाल्याने नुकताच तंदूरमधून नान काढला होता. तो तिने घेतला आणि शिक्षिकेने रस्त्यात खाऊ नये हे विसरून उभ्याउभ्या तोडून खायला लागली. अर्धा संपल्यावर मनात आलं, एक-दोन नावं म्हणजे कुणाची? आणि विचार पुरता व्हायच्या आधी नाव जिभेवर आलं: कापितोलिना. म्हातारी आहे, पेन्शन आहे, तिचं काय वाकडं होणार. नाव शोधावं लागलं नाही, ते जणू दारातच उभं होतं. घास तिच्या तोंडात तसाच राहिला. माझ्या बापाला कुणी धाडलं ते मला आज कळलं, ती स्वतःशी म्हणाली, आणि मी खुशीत नान खातेय. मघाशी खोलीत जे प्रचंड काही उभं होतं ते आता तिला दिसलं: शेडच्या दारातून निघालेला एक माणूस, गळ्याभोवती काही नसलेला. तिला इतकी भीती वाटली की नहराच्या कठड्याला धरून उभं राहावं लागलं. ही भीती जिन्यातल्या पावलांची नव्हती, स्वतःच्या जिभेची होती. उरलेला नान तिने पिशवीत टाकला आणि मागे फिरली.

“काही विसरलात?” फाटकात सून म्हणाली.

“हो. त्यांना उत्तर द्यायचं राहिलं.”

म्हातारा जागाच होता. ती ह्या वेळी खुर्चीवर नीट बसली, पिशवी मांडीवर घेतली. “पोर्फिरी लुकिच, मी क्षमा करते,” ती म्हणाली. “वडिलांच्या वतीने मला बोलता येणार नाही. माझ्या वाट्याचं मी करते.” म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीकडे गेलं; पुसायला त्याने हात उचलला नाही. मग तिने ईस्टरच्या रात्रीचं सांगितलं, फाटक, लाल पट्टी, नावं, ग्लेबचा दाखला, सगळं. “मी काय करू?”

“हे तू मला विचारतेस?” तो म्हणाला. “न सांगता कसं राहायचं ते मला नाही ठाऊक, पोरी. मी सांगितलं. सांगून घरी येताना काय होतं, तेवढं मला ठाऊक आहे. बायकोने बटाटे उकडले होते. मी तिच्या वाटणीचेसुद्धा खाल्ले. तिने विचारलं, आज एवढी भूक कशी? मी हसलो. पाद्र्यापुढे मी सहीचं सांगितलंय, हे बटाट्यांचं आजवर सांगता आलं नाही.”

पिशवीतला नान तिच्या मांडीला ऊन लागत होता. तिने पिशवी उचलून जमिनीवर ठेवली.

“मी उद्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगते, फाटकावर मी उभी राहणार नाही,” ती म्हणाली. शब्द बोलून झाले आणि तिचे हात इतके कापायला लागले की ते तिला गुडघ्यांत दाबून धरावे लागले.

म्हातारा त्या हातांकडे बघत होता. “घाबरलीस?”

“फार.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “मला त्या दिवशी घरी येताना कशाचीच भीती वाटत नव्हती.”